‘सगळं सोडून गावी जाऊ का?’

“मॅडम, एवढंच सांगा, हा पळपुटेपणा आहे का?”

निखिल खुर्चीत नीट टेकलाही नव्हता. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वय 37, डोंबिवलीत कर्जाचं घर, नोकरी लोअर परळला, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी आठ वर्षांची. दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हाच प्रश्न घेऊन येणारे टाळेबंदीनंतर खूप वाढले आहेत. शहराचा वीट आलाय, गावी जाऊन साधं, निसर्गाला ओरबाडणार नाही असं जगायचंय. पण हे खरं आहे की नुसतं पळणं, ते कळत नाही.

निखिलकडे कारणं भरपूर होती. जाऊन-येऊन साडेतीन तासांचा प्रवास, त्यातला निम्मा एका पायावर. एका रविवारी त्यानं आठवडाभरात घरी आलेले पार्सलचे डबे धुऊन गॅलरीत मांडले आणि मोजले. 43 निघाले. हे सांगताना त्याची मान खाली गेली होती. “मुंबईत आपण पितो ते पाणी भातसा, तानसा, वैतरणेचं. धरणं शहापूरकडची आणि उन्हाळ्यात टँकर येतो तो शहापूरच्याच पाड्यांवर. ऑफिसात नळ सोडतो तेव्हा ते डोक्यातून जात नाही.”

अशा बोचणीला मी आजार म्हणत नाही. ज्याला ती बोचते त्याचं मन जागं आहे, असंच मी समजते. तरीही कुणी ‘सगळं सोडायचंय’ म्हणालं, की मी आधी झोप, भूक आणि आवडीच्या गोष्टींतला रस विचारते. कारण नैराश्यातही माणसाला सगळं सोडावंसं वाटतं, आणि त्या अवस्थेत दिलेला राजीनामा नंतर फार महाग पडतो. निखिल पाच तास झोपत होता आणि रविवारी दुपारपर्यंत उठवत नव्हतं. त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. बी-12 आणि ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. म्हणजे त्याच्या थकव्याचा काही भाग मुंबईचा होता आणि काही रक्ताचा. नैराश्याचं निदान झालं नाही. (हे वाचताना ‘जगूच नये’ असं कुणाच्या मनात येत असेल, तर गाव-शहर बाजूला ठेवा आणि आधी 14416 वर फोन करा. ही टेली-मानसची मोफत सरकारी सेवा आहे.)

तिसऱ्या भेटीला मी त्याच्या बायकोला, स्नेहललाही बोलावलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “याचं गाव गणपतीतलं आहे, मॅडम. माझं गाव मोरीतलं. हा सड्यावर, कातळाच्या माळावर जाऊन सूर्यास्त बघतो, तेव्हा मी मागल्या दारी विहिरीचं पाणी ओढून पंधरा माणसांची भांडी घासत असते. तिथं कायमचं जायचं म्हणजे माझी नोकरी जाणार आणि ती भांडी राहणार. मला कुणी विचारलंय का?”

निखिलनं खरंच विचारलं नव्हतं. साध्या राहणीचं स्वप्न पाहणाऱ्या बऱ्याच घरांत मी हे पाहते. साधेपणा एकाचा असतो आणि त्याचे कष्ट दुसऱ्याच्या वाट्याला जातात. तिच्या बोलण्याला मी ‘विरोध’ म्हटलं नाही. चर्चेतली ती सगळ्यात खरी माहिती होती.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं. मी निखिलला म्हटलं, राजीनामा कपाटात ठेवा. जुलैत लावणीच्या वेळी आठ दिवस जा. पाहुणा म्हणून जाऊ नका, चुलत्याच्या हाताखाली गडी म्हणून राबा. नंतर मे महिन्यात पुन्हा जा, विहिरीनं तळ गाठलेला असताना. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभ्या खडकात आणि उतारावर पाणी थांबत नाही, आणि मे उजाडला की त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट बघतात. हे दोन महिने न बघता घेतलेला निर्णय मला निर्णय वाटत नाही.

तो गेला. परत आला तेव्हा पायांच्या बोटांमधे चिखल्या झाल्या होत्या, चपलेत पाय जपून ठेवत होता. कंबर धरलेली. चेहरा मात्र मी पहिल्यांदाच असा मोकळा पाहिला. म्हणाला, “तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या मुठी सोडून दिवसभर लावत गेलो. संध्याकाळी बांधावर उभं राहून मागे बघितलं, तर किती लावलं ते दिसत होतं. ऑफिसात वर्ष संपलं तरी मला असं काही दिसत नाही.”

इथे मी त्याला थांबवलं आणि हे वाक्य लिहून ठेवायला सांगितलं. इतके दिवस तो डबे, धूर, गर्दी यांबद्दल बोलत होता आणि ते सगळं खरंच होतं. पण तो उपाशी होता तो या गोष्टीसाठी.

आणखी एक गोष्ट त्यानं आणली होती. काकांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडून आजोबांच्या मनीऑर्डरींची कुपनं त्याला दाखवली होती. आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला. दर महिन्याच्या कुपनावर दोन-तीन ओळी: पैसे मिळाल्याचं कळवा. पाऊस कसा आहे. खालच्या वाफ्यात पेरलं का. मुंबईत राहून तो माणूस तीस वर्षं वाफ्याची चौकशी करत होता. निखिलनं मोबाइलमधले फोटो दाखवले. शाई उडालेली, अक्षर गिचमिड. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

मग काकांनी सांगितलेलं त्यानं मला सांगितलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आजोबा गावी परतले. शेत तेच होतं, माणसं तीच, पण महिन्याची मनीऑर्डर बंद झाली. त्या वर्षी बैलजोडी विकली आणि काकांची शाळा सुटली. ज्या घराकडे निखिल स्वयंपूर्ण जगणं म्हणून बघत होता, त्याची कौलं गिरणीच्या पगारातून आली होती. आजही काकांच्या घरात रोख येते ती वसईत नोकरी करणाऱ्या मुलाकडून. वरची जमीन पडीक आहे, कारण मजूर मिळत नाहीत आणि जे पिकेल त्यावर वानर आणि रानडुकरं टपलेली.

पूर्वी मी अशा वेळी लोकांना ‘शहर की गाव’ याचे फायदे-तोटे लिहायला लावायची. आता लावत नाही. कोकणातल्या माणसाच्या बाबतीत तो प्रश्नच बरोबर वाटत नाही, त्याचं घर तीन-चार पिढ्या दोन्हीकडे उभं आहे. मी तीन गोष्टी विचारते. रोख कुठून येणार? कष्ट कोण करणार? आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, ते आजपासून थोडं तरी मिळेल का?

तिसऱ्या प्रश्नावर निखिल सगळ्यात आधी हलला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून घेतलं, मिळालं. डबे तीन-चारवर आले, कारण त्या दोन दिवशी स्वयंपाक तो करतो. ओल्या कचऱ्याचं खत गॅलरीतल्या ड्रममध्ये होतं आणि मुलगी त्यात हात घालून गांडुळं शोधते. जमिनीचं कामही काढलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली तरी सातबारावर वारस नोंद नव्हती. तलाठ्याकडे अर्ज दिला. हे सगळ्यांनाच सांगते: नात्यातल्या नात्यात घाईनं हक्कसोड करू नका. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही, आणि वडिलोपार्जित हिस्सा एकदा सुटला की शेतकरी असल्याचा पुरावाही सुटू शकतो.

काकांच्या संमतीनं पडीक तुकड्यात त्यानं वेंगुर्ला-4 काजूची 30 कलमं लावली. नोकरी सोडण्याचं पाच वर्षांनी पुन्हा बोलायचं ठरलंय, तेही दीड वर्षाचा घरखर्च आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला पडल्यावर.

स्नेहलची अट वेगळी होती. गावच्या घरात मोरीत नळ हवा, संडास घरातून जाता येईल असा हवा, आणि सुट्टीत भांडी पाळीनं, पुरुषांसकट. काका हसले, काकू हसल्या नाहीत. त्यांनी निखिलला बाजूला घेऊन विचारलं, “नळाचं कधी करतोस?”

मे महिन्यात तो आठ दिवस गेला होता. विहिरीत पाणी गुडघाभर होतं, तरी टाकी बसवून पाइप टाकून आला. मोरीत तोटी लागल्यावर काकूंनी ती तीन वेळा उघडून बंद केली, असं त्यानं फोनवर सांगितलं.