पेपर हातात पडला की आठवत का नाही?

वार्षिक परीक्षा जवळ आली की एकच तक्रार वारंवार ऐकू येते : "घरी सगळं येतं, पण पेपर हातात पडला की काहीच आठवत नाही." बारावीतील एक मुलगी तर निदान स्वतःच करून आली होती. "मॅडम, माझी स्मरणशक्तीच गेलीय." बदाम, ब्राह्मी असे सारे आईचे करून झाले होते.

ही भीती पहिल्यांदा केव्हा वाटली, असे मी विचारले. सहावीत फळ्यासमोर सतराचा पाढा अडला तो दिवस तिने सांगितला आणि बाईंच्या साडीचा जांभळा काठ, मागच्या बाकावरून आलेले हसू, काहीही सुटले नाही.

"साडीचा काठसुद्धा लक्षात आहे, आणि स्मरणशक्ती गेली म्हणतेस?"

ती थबकली. "पण ते मी पाठ कुठे केलं होतं?"

मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. भावनेने हादरवणाऱ्या प्रसंगी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथींतून स्रवणारी संप्रेरके मेंदूतील अमिग्डाला या भावनांशी निगडित भागामार्फत तो प्रसंग पक्का करवून घेतात. मात्र त्यांतलेच कॉर्टिसॉल आधी साठवलेले आठवण्याच्या कामात आडवे येते. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९८ मध्ये झालेल्या प्रयोगात, पाण्यातील ठरावीक जागा शिकलेल्या उंदरांना विजेच्या सौम्य झटक्यानंतर अर्ध्या तासाने ती सापडेना. दोन मिनिटांनी किंवा चार तासांनी चाचणी घेतली असता मात्र सापडली. म्हणजे शिकलेले पुसले गेले नव्हते. हे ऐकून तिचा चेहरा सैलावला. धीराच्या दहा शब्दांपेक्षा कारण समजणे अधिक उपयोगी पडते, हे माझे जुने मत आहे.

कॉर्टिसॉल ताण सुरू झाल्यावर साधारण वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोहोचते. त्यामुळे केंद्राच्या फाटकाशी "हा धडा केलास का?" अशी जी झुंबड उडते, तिचा फटका नेमका पेपर हाती येताना बसतो. तिथे वह्या उघडूच नयेत आणि पालकांनीही काही विचारू नये. घरी पुन्हापुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहावे, मग चुकलेले पाहावे. टफ्ट्स विद्यापीठातील २०१६ च्या प्रयोगात अशा रीतीने अभ्यास केलेल्यांची आठवण ताणाखालीही टिकली होती. सराव परीक्षेत त्या मुलीचा पहिला प्रश्न अडलाच, पण तो सोडून तिने हृदयाची आकृती काढली आणि नंतर त्याकडे वळली. झोप व भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर मात्र एवढ्यावर न थांबता मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.