ऑझच्या वाटेवर निघण्याआधी

प्रिय दोस्ता,

ऑझ या जादुई देशाच्या गोष्टीवर मराठीत चित्रकथा करायची ही कल्पना मला मनापासून आवडली. पण तुझ्या नमुना पानांवर गोष्टीतल्या डोरोथी या मुलीच्या पायांत लाल चकचकीत बूट आहेत आणि चेटकीण हिरवीगार आहे. हे दोन्ही बदलून टाक. फ्रँक बाउम यांच्या १९०० सालच्या ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ या मूळ पुस्तकात यातलं काहीच नाही. तिथले बूट चांदीचे आहेत. रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून एमजीएम या चित्रपट कंपनीने पुस्तकावरच्या १९३९ च्या चित्रपटात ते माणकांचे केले. हिरवी कातडीही चित्रपटाचीच देणगी.

पुस्तकाचा कॉपीराइट अमेरिकेत १९५६ मध्येच संपला. बाउम १९१९ मध्ये वारले, त्यामुळे भारतातही त्यांची कथा आणि पात्रं आता सगळ्यांची आहेत. चित्रपटाचा अमेरिकेतला हक्क मात्र २०३४ अखेरपर्यंत आहे आणि तो आता वॉर्नर या चित्रपट समूहाकडे आहे. १९८५ मध्ये डिस्नेने ऑझवर चित्रपट काढला, तेव्हा हक्क एमजीएमकडे होता आणि त्या लाल बुटांसाठी डिस्नेलाही एमजीएमला पैसे मोजावे लागले! टी-शर्ट आणि भेटवस्तू विकणाऱ्या एका कंपनीला तर वॉर्नरने कोर्टात खेचलं. चित्रपटाच्या जुन्या जाहिरातींतली चित्रं खुली आहेत हे २०११ मध्ये कोर्टाने मान्य केलं, पण ती जोडून-तोडून पडद्यावरची पात्रं उभी करायला मनाई केली. २०१६ मध्ये अपिलात २५ लाख ७० हजार डॉलरची भरपाई कायम झाली.

म्हणून आधी मूळ पुस्तक नीट वाच. त्यातली पश्चिमेची चेटकीण एकाक्ष आहे, तिचा एकच डोळा दुर्बिणीसारखा लांबचं पाहतो आणि तिच्या हातात छत्री असते. पाचूनगरीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून त्याला कुलूप लावतात, म्हणून तर ती नगरी इतकी हिरवी दिसते. हे सगळं तुझ्या चित्रकाराने काढून पाहावं, मला तर आत्ताच पानं दिसायला लागली आहेत.

नावाचं प्रकरण वेगळं आहे. कॉपीराइटला मुदत असते, ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारातल्या नावाचा किंवा चिन्हाचा हक्क, मात्र वापरात ठेवून दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत गेलं तर संपतच नाही. संपलेला कॉपीराइट ट्रेडमार्कच्या आडून जिवंत ठेवता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका वेगळ्या खटल्यात सांगितलं, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. कथेत ‘ऑझ’ म्हणणं निराळं आणि खेळण्यांच्या खोक्यावर तेच नाव ब्रँड म्हणून मिरवणं निराळं. पुढे खेळणी किंवा अॅप करणार असशील तर ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर त्या-त्या वर्गात नाव शोध, मग वकिलाला दाखव. चित्रपटाच्या पोस्टरवरची अक्षरांची धाटणीही घेऊ नकोस.

आणि चित्रकार मैत्रिणीशी करार आत्ताच लेखी कर. बाउम आणि चित्रकार डेन्स्लो यांचा पुस्तकाच्या हक्कात वाटा होता. दोघांचं फाटलं आणि १९०४ मध्ये वर्तमानपत्रांतून बाउमची ऑझ-मालिका निराळी आणि डेन्स्लोचे बुजगावणं व टिनमॅन (पत्र्याचा माणूस) निराळे, असं सुरू झालं. पात्रं तीच, धनी दोन. चित्रं कोणाची, पुढचे भाग कोण काढणार, वेगळे झालात तर पात्रं कोणी वापरायची, हे मैत्री घट्ट असतानाच कागदावर आण.

सुधारलेली पानं पाठव. करार सही करण्याआधी मलाही दाखव.

लोभ आहेच.