सोलापुरात राहून स्टँड-अप : पहिली पाच मिनिटं आणि त्यापुढचं

तुमचे प्रश्न तीन आहेत. नोकरी सांभाळून सोलापुरातून स्टँड-अप सुरू करता येईल का, पुण्याला कधी जावं, आणि बाई म्हणून वेगळी काळजी कोणती घ्यावी. सुरुवात सोलापुरातच करा. पुण्याची गाडी पकडण्याआधी हातात पाच घट्ट मिनिटं हवीत. ती वहीत बसून होत नाहीत, माइकसमोर उभं राहूनच होतात.

पाच मिनिटांसाठी पाचशे शब्द पुरतात, कारण हशालाही वेळ लागतो. नवीन मंडळी हजार शब्द पाठ करून येतात, वेळ संपत आली की धावत सुटतात आणि हशा फुटायच्या आत पुढचं वाक्य सुरू करतात. मग लोक हसणं आवरतात, कारण हसलो तर पुढचं बुडेल हे त्यांना कळतं.

मराठीत एक अडचण जास्तीची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि हशाचा शब्द त्याच्या आत गाडला जातो. समजा विनोद असा आहे (गड्डा म्हणजे सोलापूरची संक्रांतीची जत्रा): पुण्याच्या होस्टेलवर सुट्टीचा अर्ज केला, ‘घरचे सगळे गड्ड्यात चाललेत, मलाही जायचंय.’ रेक्टरबाईंनी समुपदेशकाचा नंबर दिला आणि म्हणाल्या, घाबरू नकोस. हशा ‘समुपदेशक’वर आहे, पण त्याच्यामागे आणखी सहा शब्द लोंबकळतायत. लोकांनी हसायला तोंड उघडलं तरी तुमचं बोलणं चालूच. ते असं फिरवा: ‘रेक्टरबाईंनी सही केली. खाली एक नंबर लिहिला. समुपदेशकाचा.’ आणि गप्प राहा. निदान दोन सेकंद. प्रत्येक विनोदाचं शेवटचं वाक्य असं तपासा. ‘असं म्हणाली’, ‘असं झालं’ ही शेपटं आधी कापा.

हाच विनोद सोलापुरात जसाच्या तसा चालेल. पुण्यात मात्र सुरुवातीलाच एक ओळ टाकावी लागेल: ‘आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला गड्डा म्हणतात.’ ही ओळ पंचनंतर, म्हणजे हशाच्या शब्दानंतर, सांगितली तर विनोद मेला. चादर आणि शेंगाचटणीवर लिहू नका. सोलापूर म्हटल्याबरोबर समोरच्याच्या डोक्यात तेच आलेलं असतं. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी आणि भांडणात तिन्ही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं, तिथं खणा. ‘काय करालालीस’ची लय तशीच ठेवा, पण नुसत्या बोलीवर हसू मागू नका. ते एकदाच मिळतं.

सोलापुरात जागा हवी असेल तर जुळे सोलापूर किंवा सात रस्त्याच्या बाजूच्या एखाद्या कॅफेमालकाला त्याची गिऱ्हाइकं कमी असतात तो वार मागा. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं मोठं नाट्यगृह अजून नको. पंचवीस-तीस खुर्च्या पुरेत, पण चिकटून मांडा आणि पहिली रांग मंचापासून चार-पाच फुटांवर घ्या. विरळ बसलेला माणूस एकटा हसायला लाजतो. कार्यक्रमापुरतं मिक्सर आणि कॉफी मशीन बंद, ऑर्डर आधीच घ्यायच्या. हे मालकाशी आदल्या दिवशी बोलून ठेवा, नाहीतर ऐन पंचला मिक्सर फिरतो. उजेड तुमच्या तोंडावर हवा, प्रेक्षकांवर कमी.

माइक स्टँडवरून काढला की स्टँड उचलून मागे ठेवा; समोर राहिला तर तो तुमच्या आणि लोकांच्या मध्ये उभा राहतो. माइक ओठांपासून दोन बोटांवर धरा. जाळीला मूठ आवळली की शिट्टी वाजते आणि आवाज घुमतो. घाबरल्यावर आवाज वर चढतो, पातळ होतो आणि शब्दांची टोकं हरवतात. म्हणून पहिलं वाक्य मुद्दाम सावकाश आणि खालच्या पट्टीत घ्या. ओढणी वायरीत अडकते, ती घट्ट पिन करा किंवा घेऊच नका. एक मिनिट उरलं की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात. दिवा दिसला की चालू विनोद संपवून उतरायचं. वेळ ओलांडणाऱ्याला पुढचा स्पॉट, म्हणजे मंचावरची वेळ, मिळत नाही.

प्रत्येक सेट, म्हणजे मंचावरचं तुमचं सगळं बोलणं, फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका आणि हशा कुठं आला तिथं खुणा करा. एकच विनोद तीन वेगळ्या दिवशी पडला तरच बदला. एका रात्रीचा दोष खोलीचाही असतो. मिनिटाला तीन-चार हशे पक्के यायला लागले की पुणं. सगळ्यात जोरदार विनोद शेवटी, दुसऱ्या नंबरचा सुरुवातीला.

पुण्याचं गणित गाडीवर अडतं. हुतात्मा एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि ओपन माइक, म्हणजे नाव देऊन कुणालाही काही मिनिटं मिळतात असे कार्यक्रम, बहुधा रात्रीच रंगतात. ती गाडी जायला बरी, परतीला निरुपयोगी. त्यामुळे पाच मिनिटांसाठी एक फेरी करू नका. शुक्रवार ते रविवार असे तीन-चार स्पॉट जुळवा, राहायची सोय पक्की करा आणि मगच तिकीट काढा. कलाकारांच्या यादीत आधीचा नंबर मागायला संकोचू नका.

आता बाई म्हणून. होस्टला आधीच सांगा: नाव आणि गाव, एवढीच ओळख. ‘आता येतेय आपली एकुलती एक मुलगी’ अशी ओळख झाली की पहिलं मिनिट ती पुसण्यात जातं. ‘बायका घरचंच बोलतात’ हे ऐकून विषय बदलू नका. स्टँड-अप कलाकार उरूज अश्फाक यांना २०२३ मध्ये एडिनबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम नवोदित पुरस्कार मिळाला, तो थेरपी आणि आई-वडिलांचा घटस्फोट अशा घरातल्याच विषयांवरच्या शोसाठी. मात्र सोलापूर लहान आहे. नणंदेचा विनोद आठवड्यात नणंदेपर्यंत पोचतो. मंचावर बोला, पण क्लिप टाकण्याआधी घरच्यांना दाखवा किंवा नातं बदला. आयोजक चित्रीकरण करत असेल तर ‘मला विचारल्याशिवाय टाकू नका’ हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

आयोजक किंवा सहकलाकाराकडून त्रास झाला तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तुम्ही तिथं पगारी नसलात तरीही. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे, म्हणून मेसेज पुसू नका.

ओपन माइकमधून पैसे येत नाहीत, नोकरी इतक्यात सोडू नका. सोलापुरात पहिली कमाई ८ मार्चचे कार्यक्रम, हळदीकुंकू, भिशी आणि कंपन्यांच्या स्नेहसंमेलनांतून येऊ शकते. तिथं वीस मिनिटं लागतात आणि भाषा स्वच्छ लागते. होकार देण्याआधी विचारा: प्रेक्षक किती आणि कोण, माइक कसला, तुमच्या आधी काय आहे, जेवण कधी. जेवण वाढत असताना बोलायला उभ्या राहू नका. अर्धे पैसे आधी घ्या, आणि उरलेले मंचावर चढण्यापूर्वी.