शिकाऊ डेंटिस्टने दात काढलाच नाही, आधी शुगर तपासून या म्हणाली. ही टाळाटाळ नाही का?

नाही. मी स्वतः मुंबईत बीडीएसची इंटर्न आहे, त्यामुळे प्रश्न वाचून जरा लागलंच.

आमच्या ओपीडीत परळच्या एक मावशी आल्या, खालचे पुढचे दात हलतायत म्हणून. "काढून टाक गं पोरी, स्वयंपाक पडलाय घरी." हिरड्या सुजून लालबुंद, बोटाने दाबलं तर दाताच्या कडेने पू, पण कीड एकाही दाताला नाही, आणि तोंड इतकं कोरडं की तपासायचा आरसा गालाला चिकटत होता. शुगर आहे का विचारलं तर "छे, मी गोड खातच नाही". ग्लुकोमीटर लावला तर तीनशेच्या वर! मेडिसिनला चिठ्ठी दिली तर भडकल्याच माझ्यावर. नंतर शुगर उतरली, हिरड्या साफ केल्या, एक दात काढावा लागला, बाकीचे टिकलेत.

गणपतीत हे घरी सांगितलं तर आमचा एमडी मेडिसिनवाला चुलतभाऊ म्हणतो, "तुम्ही दातवाल्यांनी दात बघा, शरीर आम्ही बघतो." सगळे हसले, काकूसुद्धा. अरे दादा, पहिल्या वर्षाला आम्हालाही फिजिऑलॉजी आख्ख्या शरीराची असते, तिसऱ्या वर्षाला जनरल मेडिसिन असतं, आणि तू तुझ्या डायबेटिसच्या किती पेशंटना आ करायला सांगितलंस? शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज राहिली की शुगर आटोक्यात आणणं अवघड जातं, हिरड्यांची ट्रीटमेंट केली तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, थोडं का होईना उतरतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेतलेल्या माणसाचा दात न विचारता उपटला तर कधीकधी जबड्याचं हाड उघडं पडतं, मग ते दातवाल्याचं की शरीरवाल्याचं?

हां, हॉलिस्टिकच्या, म्हणजे आख्ख्या शरीराचा विचार करतो म्हणायच्या, नावाखाली रूट कॅनलने कॅन्सर होतो सांगून चांगले दात काढायला लावणारेही आहेत, त्यांची बाजू मी घेत नाहीये, तो निव्वळ धंदा आहे.

तुम्ही रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन परत जा. फक्त गाल सुजला, ताप आला, गिळताना त्रास व्हायला लागला तर रिपोर्टसाठी थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करून जाऊ नका, बरेच जण शहाणपणा करून तेच करतात.