गाता येत नाही, मग कविता वाचू की नको?

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. इथल्या एका वाचनालयाने नवोदितांच्या कविसंमेलनात मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी कविता मुक्तछंदात आहे, आई मागासाठी कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) भरायची त्यावर. मागच्या वर्षी एका ठिकाणी तीच वाचली. माझ्या आधीच्या गझलेला वन्स मोअर मिळाला आणि माझ्या वेळी लोक चहाला उठले. मित्र म्हणतो, चाल लावून म्हण. काय करू? कविता सोबत पाठवतो आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : चाल अजिबात लावू नका.

कविता गाऊन दाखवायची आपल्याकडची हौस जुनी आहे. 1923 साली पुण्यात कवींचं रविकिरण मंडळ निघालं, त्यातले यशवंत आणि गिरीश कविता गायचे आणि सभा डोलायच्या. पण पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी वर्षानुवर्षं गावोगाव कविता नुसत्या वाचल्या, तरी सभागृहं भरायची. शिवाय तुमच्या गावात 1974 साली पु. ल. अध्यक्ष असलेलं साहित्य संमेलन झालंय. तिथल्या लोकांना ऐकायचं कसं हे शिकवावं लागणार नाही.

चहाला उठले त्याचं म्हणाल, तर मी बारा वर्षं अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलंय. तीस कवी, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे अडीच तास. वर दीपप्रज्वलन आणि सत्कार. विसाव्या कवीच्या वेळी लोक उठतात ते कवितेवर रागावून नव्हे, पाठ दुखते म्हणून.

आता तुमची कविता. पहिल्या पानावर सात ओळींचं निवेदन आहे, ते फाडून टाका. कांडी म्हणजे काय हे तुम्ही इचलकरंजीत सांगणार? सरळ सुरू करा. मधे एक जागा आहे :

आईच्या बोटावर सुताची रेघ
आंघोळीनंतरही जात नाही

ही वाचल्यावर थांबा. मनात तीन आकडे मोजा आणि त्या वेळात समोर बघा, कागदात नको. दाद आली नाही तरी थांबाच. शेवटचं ‘कामगारांनो उठा’ हे कडवं मात्र टाळ्यांसाठी लिहिलंय, राग मानू नका. रेघेवरून तिथं उडी पडते आणि आई मागंच राहते. ते काढलंत तर कविता साडेतीन मिनिटांत बसते, मी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिली. उरलेल्या दीड मिनिटात दुसरी कविता कोंबू नका. वेळेआधी खाली उतरणारा कवी सूत्रसंचालकाला देवासारखा वाटतो.

मोबाईलवरून वाचू नका. नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो. मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून घ्या. आधीचा कवी उंच असेल, तर माईक खाली ओढून मगच तोंड उघडा.

आई येणार आहे का? यावीच. फक्त तिला पहिल्या रांगेत बसवू नका. माझे वडील एकदा तसे समोर बसले होते आणि माझं अख्खं दुसरं कडवं घशातच राहिलं.