कॅथलिक लोक बायबल शब्दशः मानतात की प्रतीकात्मक?

थोडक्यात उत्तर: दोन्ही, पण क्रम ठरलेला आहे. आधी मूळार्थ, म्हणजे लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते. मग त्या मूळार्थाच्या पायावर उभे राहणारे आध्यात्मिक अर्थ. ‘पचतं ते खरं, पचत नाही ते प्रतीक’ अशी वाटणी करायला कॅथलिक शिकवणुकीत जागा नाही.

गोंधळ बहुतेक वेळा मूळार्थ आणि शब्दशः अर्थ एकच समजल्यामुळे होतो. ‘डोळ्यात तेल घालून पहारा केला’ याचा मूळार्थ ‘क्षणभरही न झोपता पहारा केला’ हाच आहे. तेलाची बाटली शोधायला निघालेला माणूस वाक्याशी जास्त प्रामाणिक ठरत नाही, त्याला वाक्यच कळलेलं नसतं. शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकला असाल तर असं म्हणा की ईश्वरशास्त्रात ज्याला ‘लिटरल सेन्स’ म्हणतात त्यात अभिधा आणि लक्षणा दोन्ही येतात. त्या एका ‘लिटरल’ शब्दाने विनाकारण बरेच वाद लावले आहेत, असं माझं मत.

म्हणून कुठलाही उतारा हातात घेतला की आधी लेखनाचा प्रकार ओळखायचा. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आहेत, जुन्या करारात 46 आणि नव्या करारात 27. त्यांत कायदे आहेत, वंशावळ्या आहेत, राजांच्या बखरी, स्तोत्रं, प्रेमगीतं, म्हणी, दाखले, खाजगी पत्रं आणि प्रकटीकरणासारखं साक्षात्काराचं लेखनही आहे. बखर वाचतो तसा आपण अभंग वाचत नाही, तेच इथेही. पोप बारावे पायस यांनी 1943 मध्ये अभ्यासकांना हे स्पष्ट सांगितलं आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 18 नोव्हेंबर 1965 रोजी ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात ते परिषदेच्या अधिकाराने नोंदवलं.

उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, जगाच्या निर्मितीचा पहिला अध्याय जवळून पाहू, कारण प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात तोच असतो. प्रकाश पहिल्या दिवशी येतो, सूर्य चौथ्या. ही खोच आधुनिक विज्ञानाने काढलेली नाही. थोर ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन पाचव्या शतकातच इथे थबकले होते: सूर्य नसताना पहिले तीन ‘दिवस’ कसले? आता सहा दिवस तीन-तीन करून दोन ओळींत मांडा. पहिल्या ओळीत जागा तयार होतात: उजेड आणि अंधार, आकाश आणि पाणी, कोरडी जमीन. दुसऱ्या ओळीत त्याच क्रमाने त्या भरतात: सूर्य-चंद्र, पक्षी-मासे, जनावरं आणि माणूस. पहिल्याखाली चौथा, दुसऱ्याखाली पाचवा, तिसऱ्याखाली सहावा असे नेमके जुळतात. अशी घडण आपोआप होत नाही. शिवाय सूर्य-चंद्रांना तिथे नावंच नाहीत, एक ‘मोठी ज्योती’ आणि एक ‘लहान ज्योती’. शेजारची राष्ट्रं ज्यांना देव म्हणून पूजत होती त्यांना लेखक दिव्यांच्या पातळीवर आणून ठेवतो. दुसऱ्या अध्यायात तर क्रमच पालटतो: आधी पुरुष, मग झाडं, मग प्राणी, शेवटी स्त्री. ज्याने हे दोन अध्याय शेजारी ठेवले त्याला तो फरक दिसला नसेल असं कोण म्हणेल? तो वेळापत्रक लिहायला बसला नव्हता. सगळं एकाच देवाने केलं, ते चांगलं आहे आणि त्यातलं काहीही देव नाही, हा त्या अध्यायाचा मूळार्थ.

पण यावरून ‘उत्पत्ती म्हणजे नुसती बोधकथा’ असं म्हणायला गेलात तर कॅथलिक शिकवण तुम्हाला तिथेही अडवते. कॅथलिक शिकवणुकीच्या 1992 च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातला परिच्छेद 390 सांगतो की तिसऱ्या अध्यायाची, म्हणजे आदाम-हव्वेच्या पापाच्या कथेची, भाषा प्रतिमांची आहे, पण ती मानव इतिहासाच्या आरंभी खरोखर घडलेल्या गोष्टीबद्दल बोलते. उत्क्रांतीचंही तसंच. मानवी शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का यावर संशोधन आणि चर्चा करायला 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी मोकळीक दिली. प्रत्येक आत्मा थेट देव निर्माण करतो, हा मुद्दा मात्र त्यांनी चर्चेबाहेर ठेवला.

योना या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बाबतीत बंधन आणखी सैल आहे. योनाला गिळणारा मासा सगळ्यांना आठवतो. निनवेच्या राजाचा हुकूम सहसा आठवत नाही: माणसांनी आणि जनावरांनीही गोणपाट नेसावं. मग एका रात्रीत उगवून एका रात्रीत वाळणारं झाड, ते वाळलं म्हणून मरण मागणारा संदेष्टा, आणि शेवटी देवाचा प्रश्न: ज्या शहरात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत, ‘आणि पुष्कळ गुरंढोरं’, त्याची मला कीव येऊ नये? पुस्तक तिथेच, प्रश्नावरच संपतं. कॅथलिक अभ्यासकांपैकी बहुतेकजण याला उपरोधाने भरलेली बोधकथा मानतात. कोणी हे जसंच्या तसं घडलं असं मानलं तरी चालतं, ख्रिस्तसभेने (चर्चने) कोणावर सक्ती केलेली नाही. येशूने योनाचा उल्लेख केला (मत्तय 12:40) एवढ्याने निकाल लागत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचा दाखला कोणीही देतो.

येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांच्या (मत्तय, मार्क, लूक, योहान) बाबतीत मात्र सूर बदलतो. ती येशूने खरोखर जे केलं आणि शिकवलं ते सांगतात, असं दुसरी व्हॅटिकन परिषद ठामपणे म्हणते, पण सांगणाऱ्यांनी निवड केली, मांडणी केली, संक्षेप केला हेही मान्य करते. मत्तयात (अध्याय 8) शताधिपती (रोमन लष्करी अधिकारी) स्वतः येशूकडे येतो, लूकमध्ये (अध्याय 7) तो वडीलजनांना पाठवतो. एक प्रवचन मत्तयात डोंगरावर होतं, लूकमध्ये सपाट जागी. अशा फरकांनी कॅथलिक वाचकाची झोप उडायचं कारण नाही. पुनरुत्थानाचं तसं नाही. तिथे ‘शिष्यांच्या मनातली आशा जागी झाली’ असा प्रतीकार्थ चालत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, असं प्रेषित पौल स्वतःच लिहितो (1 करिंथ 15:14).

आता गंमत अशी की शब्दशः वाचन करणारे म्हणून जे ओळखले जातात त्यांच्यापेक्षा कॅथलिक काही ठिकाणी जास्त शब्दशः असतात. मिस्सेतली भाकर खरोखर ख्रिस्ताचा देह होते असं कॅथलिक मानतात, आणि त्यासाठी योहान 6 उघडतात. ‘माझा देह खाल्ल्याशिवाय’ हे ऐकून लोक कुरकुरतात. 54 व्या ओवीपासून मूळ ग्रीकमध्ये खाण्याचं साधं क्रियापद जाऊन चावून खाण्याचं क्रियापद येतं, म्हणजे बोलणं सौम्य होण्याऐवजी अधिक रोखठोक होतं. 66 व्या ओवीत पुष्कळ शिष्य निघून जातात. ‘अरे थांबा, मी उपमा देत होतो’ असं म्हणून येशू त्यांना परत बोलावत नाही. ‘मी दार आहे’ म्हणाला तेव्हा कोणी उठून गेलं नव्हतं, आणि तो दाखला होता हे योहानाने 10:6 मध्ये स्वतःच नोंदवलं आहे. प्रोटेस्टंट वाचक 63 व्या ओवीवर बोट ठेवतात (‘देहापासून काही लाभ नाही’) आणि तो वाद जुना आहे. कॅथलिक उत्तर असं की ‘माझा देह’ आणि नुसता ‘देह’ यांत फरक आहे.

स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) बाबतीत तर रूपक काढायलाच बंदी आहे. ‘पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याशिवाय’ (योहान 3:5) यातलं पाणी खरं पाणीच, त्याला अलंकार ठरवू नये, असं ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये ठरवलं. एकेका ओवीचा अर्थ असा अधिकाराने ठरवलेला असणं मात्र दुर्मिळ आहे. प्रत्येक ओळीचा अधिकृत अर्थ रोममध्ये कुठल्यातरी फायलीत असतो, हा गैरसमज आहे.

याच्या उलट उदाहरण: ‘डोळा पाप करायला लावत असेल तर उपटून टाक’ (मत्तय 5:29). ही अतिशयोक्ती आहे, आणि तिचा मूळार्थ एवढाच: पापाशी तडजोड नको. मत्तय 19:12 मधलं ‘स्वर्गाच्या राज्यासाठी नपुंसक’ हे वाक्य काहींनी अंगावर घेतलं असावं, कारण 325 च्या निकाया परिषदेचा पहिलाच नियम असा की धडधाकट असताना ज्याने स्वतःचं खच्चीकरण करून घेतलं त्याला धर्मगुरूपदावर ठेवू नये.

वाचताना चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त, एकच ओळ सुटी काढण्यात. उपदेशक 9:5 म्हणतो, मृतांना काहीच कळत नाही. एवढंच घेतलं तर पुनरुत्थानच संपलं. तिथे ‘सूर्याखालचं’ जीवन पाहून हताश झालेला माणूस बोलतोय. म्हणून कॅथलिक वाचनाला तीन चाळण्या आहेत: उरलेलं बायबल त्याच विषयावर काय म्हणतं, ख्रिस्तसभेच्या परंपरेत ते कसं वाचलं गेलं, आणि निघणारा अर्थ श्रद्धेच्या बाकीच्या सत्यांशी जुळतो का.

दुसरी चूक, बायबलकडे विज्ञानाचं पाठ्यपुस्तक म्हणून पाहणं. ती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनीही केली आहे. यहोशवा 10 मध्ये सूर्य थांबला, म्हणजे सूर्यच फिरत असणार, हा युक्तिवाद गॅलिलिओविरुद्ध वापरला गेला आणि 1633 मध्ये त्याला शिक्षा झाली. पोप तेरावे लिओ यांनी 1893 मध्ये लिहिलं की पवित्र लेखक निसर्गाचं वर्णन डोळ्यांना दिसतं तसं करतात. आपणही ‘सूर्य मावळला’ असंच म्हणतो.

तिसरी चूक, रूपकांच्या मागे इतकं धावायचं की मूळार्थ मागेच राहतो. लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात ऑगस्टीन यांना जखमी माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा असा एकेक अर्थ दिसला. ध्यानाला सुंदर, पण सिद्धांताचा पुरावा म्हणून कुचकामी. दाखला ‘माझा शेजारी कोण’ या प्रश्नाचं उत्तर आहे. मध्ययुगातले ईश्वरशास्त्रज्ञ संत थॉमस अक्विनास यांनी घालून दिलेला नियम असा की युक्तिवाद फक्त मूळार्थावरून करायचा.

मग आध्यात्मिक अर्थ म्हणजे नेमके कोणते? परंपरेने तीन. निर्गम 14 वर लावून बघा. मूळार्थ: इस्राएल लोक मिसरच्या सैन्याच्या तावडीतून तांबड्या समुद्रातून पार झाले. रूपकार्थ ख्रिस्ताकडे बोट दाखवतो: हे पाणी म्हणजे स्नानसंस्कार, आणि ही कल्पना कोण्या भाविकाने मागाहून चिकटवलेली नाही, पौलानेच ती मांडली आहे (1 करिंथ 10:1-2). नैतिक अर्थ: मागची गुलामी सोडली की मिसरमधल्या मांसाने भरलेल्या भांड्यांची आठवण काढत बसू नये. अंतिमार्थ: पलीकडचा किनारा म्हणजे शेवटचं घर.

हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर पुस्तकापेक्षा ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना बरी. तिच्यात जुन्या करारातली सात वाचनं असतात. वेळ कमी असेल तर ती कमी करता येतात, पण निर्गम 14 कधीच गाळता येत नाही. नंतर पाण्यावर आशीर्वादाची प्रार्थना होते, तिच्यात जलप्रलय, तांबडा समुद्र आणि यार्देन नदी एकामागून एक येतात, आणि मग तेच पाणी नव्याने ख्रिस्ती होणाऱ्याच्या डोक्यावर तीनदा ओततात.