वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतल्या शाळा आणि इंग्रजी शिकणारी मुलं

प्रश्न : मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत ईएसएल, म्हणजे घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना इंग्रजी, शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी इतर शिक्षकांना मार्गदर्शन करायचं काम माझ्याकडे दिलंय. पण सहकारी ‘ती तुमची मुलं’ म्हणून मोकळे होतात. मला ना पद, ना अधिकार. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सगळ्यांची कार्यशाळा घेऊन सुरुवात करू नका. तिथे माना डोलतात, वर्गात काही बदलत नाही. मनापासून तयार असलेला एकच शिक्षक निवडा, समजा सहावीचे विज्ञानाचे सर, आणि एकच धडा. मुख्याध्यापकांकडे मात्र एक गोष्ट ठामपणे मागा : दोघांना मिळून आठवड्याला ४० मिनिटं, वेळापत्रकात लिहिलेली. व्हरांड्यात उभ्याउभ्या ठरलेलं घंटा होताच विरून जातं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात सांगितलं, की इंग्रजी न येणाऱ्या मुलांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिले म्हणून समान वागणूक होत नाही. म्हणजे जबाबदारी साऱ्या शाळेची आहे. वेळ मागताना हा आधार घ्या; सहकाऱ्याला मात्र कायदा ऐकवू नका, तो दुरावेल.

त्या ४० मिनिटांत पुढच्या आठवड्याची वर्कशीट समोर ठेवा आणि दोघं मिळून मुलाच्या नजरेने वाचा. ‘इव्हॅपोरेशन’ सर शिकवतातच. मूल अडतं ‘टेबल’पाशी, कारण त्याला जेवणाचं टेबल ठाऊक असतं, आकड्यांचा तक्ता नाही, किंवा ‘ॲज द टेम्परेचर इन्क्रीझेस’मधल्या त्या एवढ्याशा ‘ॲज’पाशी. असे पाच-सहाच शब्द काढा. मग अर्धं वाक्य द्या : ‘ॲज द टेम्परेचर ..., द वॉटर ...’. अगदी नवख्याला खाली शब्दांची यादी, रुळलेल्याला फक्त वाक्याची सुरुवात. प्रयोग आणि प्रश्न मात्र सगळ्यांना तेच. इथेच हमखास घोटाळा होतो : भाषेऐवजी विषयच सोपा केला जातो आणि सहावीच्या मुलाच्या हाती तिसरीचा कागद पडतो.

दुसरा घोटाळा म्हणजे तुम्ही मुलाशेजारी बसून कुजबुजत राहणं. मग ते धड सरांचं ऐकत नाही, धड तुमचं. पहिली दहा मिनिटं कोण बोलणार हे आधीच ठरवा. सरांना प्रश्नानंतर मनात पाच अंक मोजायला सांगा. उत्तर मनातल्या मनात भाषांतरित करणाऱ्याला तेवढा वेळ लागतोच.

सहाएक आठवड्यांनी विभागाच्या बैठकीत एकाच मुलाचे आधीचे आणि आताचे कागद ठेवा. बोलू द्या सरांना. त्यांच्या तोंडून आलेलं विज्ञानाच्या इतर शिक्षकांना पटेल.

प्रश्न : शाळेच्या अर्जात ‘घरची भाषा मराठी’ लिहिलं आणि पाचवीतल्या मुलाला ईएसएलमध्ये घातलं. पुढच्या वेळी ‘इंग्रजी’ लिहू का? घरी मराठी बंद करू का?

उत्तर : दोन्ही नको. त्या अर्जावरून फक्त चाचणी घ्यायची का ते ठरतं. निर्णय ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांच्या चाचणीवर होतो. मूल वर्षाच्या सुरुवातीला दाखल झालं असेल तर शाळेने ३० दिवसांत तुम्हाला कळवायला हवं. तुम्ही ईएसएल नाकारू शकता, पण वार्षिक भाषाचाचणी तरीही द्यावीच लागते. आमचं मत विचाराल तर नाकारू नका. खेळाच्या मैदानावरचं इंग्रजी एक-दोन वर्षांत येतं, पुस्तकातलं यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. फाडफाड बोलतो म्हणून आधार काढला की इतिहासाच्या पेपरात गाडी अडते.

मराठी चालूच ठेवा. आज शाळेत काय शिकवलं ते त्याला मराठीत सांगायला लावा. अर्थ पक्का असला की फक्त इंग्रजी शब्दच शिकायचा उरतो. मूल भारतात शिकून आलं असेल तर गणिताची जुनी वही शिक्षकांना दाखवा. आपण १,००,००० लिहितो, तिथे १००,००० लिहितात. ही स्वल्पविरामाची सवय आहे, गणिताची चूक नव्हे, हे त्यांना कळायला हवं. आणि पालकसभेत मुलालाच दुभाषा करू नका. इंग्रजी अवघड जात असेल तर शाळेकडे आधीच दुभाषा मागा. त्याचे पैसे तुम्हाला पडत नाहीत.